इव्हॅपोरेटरचे तापमान आणि शीतयंत्राची कार्यक्षमता : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२५

प्रकल्पाच्या विषयाला आज मार्गदर्शक सरांची मान्यता मिळाली. व्हेपर कॉम्प्रेशन पद्धतीच्या, म्हणजे शीतकाची वाफ दाबून द्रव करणाऱ्या व तो द्रव पुन्हा उकळवून थंडावा मिळवणाऱ्या शीतयंत्रात इव्हॅपोरेटरचे (शीतक उकळून उष्णता शोषते त्या कॉइलचे) तापमान टप्प्याटप्प्याने बदलायचे, बाकीच्या बाबी शक्य तितक्या स्थिर ठेवायच्या आणि यंत्राची शीतन क्षमता, कॉम्प्रेसरने घेतलेली वीज व या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे सीओपी यांवर त्याचा काय परिणाम होतो ते स्वतः मोजायचे, असे कामाचे स्वरूप ठरले आहे. इव्हॅपोरेटरचे तापमान वाढले की सीओपी वाढतो, हे विधान परीक्षेत आम्ही सर्वांनीच लिहिलेले आहे. मात्र तो किती वाढतो, कशामुळे वाढतो आणि त्याच वेळी अँमीटरचा काटा कोणत्या दिशेला सरकतो, असे सरांनी विचारले तेव्हा गटात एकमत होईना, आणि हाच प्रश्न प्रयोगाने सोडवावा असे ठरले.

या विषयाचा आमच्या भागाशी थेट संबंध आहे. रावेर, यावल, चोपडा हा पट्टा केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सावदा, फैजपूर, रावेर या परिसरात शीतगृहे आणि रायपनिंग चेंबर (केळी पिकवण्याच्या खोल्या) आहेत व त्या प्रत्येकात हेच चक्र दिवसरात्र फिरत असते. केळीची गरज मात्र इतर मालापेक्षा वेगळी आहे. हिरवी केळी साधारण १३ ते १४ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्याखाली नेल्यास सालीला थंडीची इजा होते, ती निस्तेज व काळपट पडते आणि फळ पुढे नीट पिकत नाही. पिकवताना तर खोली १६ ते १८ अंशांवर असते. म्हणजे येथे गोठवण्याचा प्रश्नच नाही. असे असूनही अनेक ठिकाणी कॉइलवर बर्फ धरलेला दिसतो, आणि तो चांगल्या कूलिंगची खूण म्हणून दाखवलाही जातो. त्या बर्फाची विजेच्या युनिटमधील किंमत काढणे, हा या प्रकल्पाचा आमच्या मनातील खरा हेतू आहे.

१५ जानेवारी

यंत्र जोडण्यापूर्वी कागदावर काय उत्तर येते ते पाहिले. आर-१३४ए हे शीतक, कंडेन्सिंग तापमान (कंडेन्सरमध्ये वाफ उष्णता बाहेर टाकून द्रव होते ते तापमान) ४० अंश, इव्हॅपोरेटरमधून बाहेर पडणारी वाफ संपृक्त (उकळबिंदूवरचीच, त्याहून न तापलेली) आणि कॉम्प्रेसरमधील दाबवाढ आयसेन्ट्रोपिक (उष्णतेची देवाणघेवाण व तोटा नसलेली), अशी आदर्श चक्राची गृहीतके धरली. ४० अंशांच्या संपृक्त द्रवाची एन्थाल्पी (त्यात सामावलेली ऊर्जा) किलोला २५६.४ किलोज्यूल आहे. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून (दाब उतरवणाऱ्या झडपेतून) जाताना ती बदलत नाही, म्हणून हा आकडा सर्व गणितांत कायम राहतो.

उणे २० अंशांवर संपृक्त वाफेची एन्थाल्पी ३८६.६, उणे १० वर ३९२.७, शून्यावर ३९८.६ आणि १० अंशांवर ४०४.३ किलोज्यूल आहे. त्यातून २५६.४ वजा केले की किलोमागे मिळणारा शीतन परिणाम अनुक्रमे १३०, १३६, १४२ आणि १४८ किलोज्यूल येतो. तीस अंशांच्या फरकात वाढ अवघी १४ टक्के आहे, हे पाहून आम्ही जरा थबकलो. शीतक अधिक उबदार असताना प्रत्येक किलो जास्त उष्णता शोषतो आणि म्हणून क्षमता वाढते, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. परंतु एवढ्याशा वाढीतून क्षमतेतील मोठा बदल निघणे शक्य नाही.

दुसऱ्या बाजूला किलोमागे कॉम्प्रेसरचे काम उणे २० वर ४२.५, उणे १० वर ३३.८, शून्यावर २५.९ आणि १० अंशांवर १८.६ किलोज्यूल येते. ते निम्म्याहून खाली उतरते. सीओपी त्यामुळे ३.०६ वरून ४.०३, ५.४९ आणि शेवटी जवळपास ८ पर्यंत चढतो. चढाईत शीतन परिणाम वाढण्यापेक्षा भाजक, म्हणजे काम, लहान होण्याचा वाटा कितीतरी मोठा आहे. कारणही सरळ आहे: कंडेन्सरचा दाब १०.१७ बार कायम आहे, आणि इव्हॅपोरेटरचा दाब उणे २० ला १.३३ बार, शून्याला २.९३ बार व १० अंशांना ४.१५ बार आहे. दाबांचे गुणोत्तर ७.७ वरून २.५ पर्यंत खाली येते, म्हणून प्रत्येक किलोला वर चढवण्याचे श्रम घटतात.

मग क्षमता कशाने वाढते? उत्तर वाफेच्या विशिष्ट आकारमानात आहे. उणे २० अंशांना एक किलो वाफ ०.१४७४ घनमीटर जागा व्यापते, शून्याला ०.०६९३ आणि १० अंशांना ०.०४९५. कॉम्प्रेसरचा पिस्टन प्रत्येक फेरीत ठरावीक आकारमान ओढतो, ठरावीक वजन नव्हे. वाफ विरळ असेल तर तेवढ्याच फेऱ्यांत कमी किलो शीतक फिरते. ओढलेल्या प्रत्येक घनमीटरमागे शीतन काढले तर उणे २० वर ८८३, उणे १० वर १३६८, शून्यावर २०५२ आणि १० अंशांवर २९८८ किलोज्यूल मिळते, म्हणजे जवळपास ३.४ पट. किलोचा हिशेब सोडून घनमीटरचा हिशेब धरला आणि विषय एकदम उलगडला.

याच रीतीने घनमीटरमागे लागणारे कामही काढले: २८८, ३३९, ३७४ आणि ३७६ किलोज्यूल. म्हणजे इव्हॅपोरेटर उबदार होत जातो तसे किलोमागचे काम घटते, पण कॉम्प्रेसरची एकूण वीज वाढते, आणि शून्याच्या पुढे ती जवळजवळ सपाट होते. गटातील मतभेदाचे मूळ येथेच होते. किलोच्या बाजूने पाहणारे आणि मोटरच्या बाजूने पाहणारे आपापल्या जागी बरोबर होते.

२९ जानेवारी

यंत्रणेची जुळणी पूर्ण होत आली आहे. सीलबंद लहान कॉम्प्रेसर, पंख्याचा कंडेन्सर, ड्रायर (शीतकातील ओल व कचरा अडवणारा), दृश्यकाच, हाताने फिरवायचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि टाकीत बुडवलेली तांब्याची कॉइल, अशी मांडणी आहे. केशिकानळी (व्हॉल्व्हऐवजी दाब उतरवणारी बारीक नळी) मुद्दाम वापरली नाही, कारण तिच्यात प्रवाह आपल्या हातात राहत नाही आणि इव्हॅपोरेटरचे तापमान हवे तिथे थांबवणे कठीण जाते.

टाकीत साधे पाणी चालणार नाही. कॉइल उणे २० वर गेली की तिच्याभोवती बर्फाचा थर चढेल आणि मापन बिघडेल. म्हणून पाण्यात ४० टक्के इथिलीन ग्लायकोल मिसळले आहे. हे मिश्रण सुमारे उणे २४ अंशांपर्यंत गोठत नाही. टाकीला बाहेरून जाड पफ (उष्णतारोधक फोम), वर झाकण, आत ढवळणी आणि डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या साधनावर) चालणारा हीटर आहे. पद्धत अशी: कॉइल उष्णता काढत असते आणि हीटर ती परत देत असतो, हीटर असा जुळवायचा की टाकीचे तापमान स्थिर राहील. त्या क्षणी हीटरचे वॅट म्हणजेच यंत्राची शीतन क्षमता. शीतकाचा प्रवाह मोजणारे महागडे उपकरण यात लागत नाही आणि आकड्यावर विश्वास ठेवता येतो, म्हणून ही रीत मला फार आवडली.

विजेसाठी साधे डिजिटल एनर्जी मीटर लावले आहे. त्यावरील लाल दिवा एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकतो. दहा लुकलुकींना किती सेकंद लागले हे स्टॉपवॉचने घेतले की वॅट निघतात.

६ फेब्रुवारी

नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने सर्व सांधे तपासले, रात्रभर दाब टिकला, मग व्हॅक्यूम पंप लावून गॅस, म्हणजे शीतक, भरला. या टप्प्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

दाबाबाबत एक टीप मात्र आवश्यक आहे. मिस्त्री ज्याला बॅक प्रेशर म्हणतात तो इव्हॅपोरेटरच्या बाजूच्या गेजवरचा आकडा हवेच्या दाबाच्या वरचा असतो, आणि तक्त्यातील दाब निरपेक्ष असतो. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर असल्याने आम्ही हवेचा दाब ०.९९ बार धरून तो गेजच्या आकड्यात मिळवत आहोत. त्या हिशेबाने शून्य अंशाला गेजवर १.९४ बार, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत २८ पौंड (प्रति चौरस इंच) दिसले पाहिजेत, आणि उणे २० ला केवळ ५ पौंड. गेज ०.१ बारने चुकला तर शून्याच्या आसपास तापमानात जवळपास १ अंशाचा फरक पडतो; उणे २० च्या आसपास तोच फरक पावणेदोन अंशांचा होतो. खालच्या बाजूचे वाचन म्हणून केवळ गेजवर न सोडता कॉइलच्या मधल्या नळीवर बांधलेल्या थर्मोकपलशी (तापमान मोजणाऱ्या तारेशी) ताडून घ्यायचे ठरवले आहे.

१८ फेब्रुवारी

वाचने सुरू झाली, आणि लगेच लक्षात आले की या प्रयोगात सर्वांत अवघड काम इव्हॅपोरेटर सांभाळण्याचे नसून कंडेन्सर स्थिर ठेवण्याचे आहे. इव्हॅपोरेटरचे तापमान वाढवले की क्षमता वाढते, कंडेन्सरवर टाकली जाणारी उष्णता वाढते आणि हेड प्रेशर (कंडेन्सरच्या बाजूचा दाब) आपोआप वर चढते. ते तसेच चढू दिले तर एकाच वेळी दोन गोष्टी बदलतील व कोणाचा परिणाम किती हे सांगता येणार नाही. यासाठी कंडेन्सरच्या तोंडाशी पुठ्ठ्याची सरकती झडप बसवली आहे. एक जण फक्त हेड प्रेशरच्या गेजसमोर बसतो आणि काटा ९.२ बारवर, म्हणजे ४० अंशांच्या कंडेन्सिंग तापमानावर राहील अशी झडप सरकवत राहतो. काम कंटाळवाणे आहे, पण या एका खबरदारीवर सगळ्या निष्कर्षांचे वजन आहे.

प्रत्येक टप्प्यावर टाकीचे तापमान अर्धा तास स्थिर राहिल्याशिवाय नोंद घ्यायची नाही, असा नियम केला आहे.

२७ फेब्रुवारी

तीन प्रमुख टप्प्यांची वाचने हाती आली. उणे २० अंशांवर हीटर २२० वॅटवर स्थिरावला आणि मीटरच्या दहा लुकलुकींना ६१ सेकंद लागले, म्हणजे कॉम्प्रेसरने १८४ वॅट घेतले. उणे १० वर हीटर ३८५ वॅट आणि वेळ ४७ सेकंद, म्हणजे २३९ वॅट. शून्यावर हीटर ६१० वॅट, वेळ ४० सेकंद, म्हणजे २८१ वॅट. प्रत्यक्ष सीओपी त्यानुसार १.२०, १.६१ आणि २.१७ आला. अँमीटर उणे २० वर १.२ आणि शून्यावर १.५ अँपिअर दाखवत होता.

अँमीटरचा काटा वर गेला आणि यंत्र अधिक किफायतशीर झाले, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. ती मनात एकत्र बसवण्यासाठी आम्ही हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला. समजा टाकीतून एक युनिट, म्हणजे ३६०० किलोज्यूल उष्णता काढायची आहे. उणे २० वर चालणाऱ्या यंत्राला त्यासाठी साडेचार तास लागतील आणि ०.८४ युनिट वीज खर्च होईल. शून्यावर चालणारे यंत्र तेच काम सुमारे १ तास ३८ मिनिटांत, ०.४६ युनिटमध्ये उरकेल. पहिल्या यंत्राचा अँपिअरचा आकडा लहान आहे, पण ते तो आकडा जवळपास पावणेतीन पट वेळ ओढत राहते. वीजबिल अँपिअरवर येत नाही, अँपिअर आणि तास यांच्या गुणाकारावर येते.

प्रकल्पातून एकच गोष्ट बाहेर पोहोचवता आली तर ती हीच असावी असे मला वाटते. शीतयंत्र चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पॅनेलवर अँमीटर असतो. शीतन क्षमता दाखवणारा काटा कुठेच नसतो. जे दिसते त्यावरून तो निर्णय घेतो, आणि जे दिसते ते या बाबतीत नेमके उलट सांगते.

७ मार्च

प्रत्यक्ष सीओपी सैद्धांतिक आकड्याच्या जेमतेम ४० टक्के का, असा प्रश्न सरांनी विचारला. तिन्ही टप्प्यांवर हे प्रमाण जवळपास सारखेच आहे: ३.०६ ला १.२०, ४.०३ ला १.६१, ५.४९ ला २.१७. उरलेला भाग मोटरमधील तोटा, झडपांवरील दाबहानी, बेअरिंगचे घर्षण आणि सीलबंद डब्यात आत येणारी वाफ मोटरच्या उष्णतेने तापणे यांत जातो. लहान सीलबंद कॉम्प्रेसरमध्ये हे प्रमाण मोठ्या यंत्रांपेक्षा वाईटच असते.

त्याहून अधिक समाधान क्षमतेच्या वाढीचा ताळा जुळल्याने मिळाले. उणे २० वरून शून्यावर येताना क्षमता २२० वरून ६१० वॅट झाली, म्हणजे २.७७ पट. घनमीटरमागच्या शीतनाचे गणित मात्र २०५२ भागिले ८८३, म्हणजे २.३२ पटच देते. मधला फरक व्हॉल्युमेट्रिक कार्यक्षमतेचा, म्हणजे फेरीच्या आकारमानापैकी खरोखर नवी वाफ किती भरते याचा आहे. पिस्टन वरच्या टोकाला गेला तरी सिलिंडरमध्ये थोडी जागा उरते आणि तीत उच्च दाबाची वाफ अडकून राहते. पिस्टन खाली येताना ती आधी प्रसरण पावते आणि ती सक्शनच्या (वाफ ओढण्याच्या बाजूच्या) दाबाला उतरेपर्यंत नवी वाफ आत शिरत नाही. दाबांचे गुणोत्तर जितके मोठे तितका फेरीचा अधिक भाग या जुन्या वाफेच्या प्रसरणात वाया जातो. ही मोकळी जागा ४ टक्के आणि प्रसरणाचा घातांक १.१ धरला तर उणे २० वर व्हॉल्युमेट्रिक कार्यक्षमता ०.७९ आणि शून्यावर ०.९२ येते, गुणोत्तर १.१७. आता २.३२ ला १.१७ ने गुणले की २.७१ मिळतात, आणि आमचे मोजमाप २.७७ आहे. पुठ्ठ्याची झडप आणि स्टॉपवॉच यांच्या भरवशावर केलेल्या कामात एवढी जुळणी झाली, याचा गटात सर्वांना मनापासून आनंद झाला.

डिस्चार्ज नळीचे (कॉम्प्रेसरमधून दाबलेली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीचे) तापमानही नोंदले आहे. आदर्श चक्रात ते उणे २० साठी ४९ अंशांच्या आणि शून्यासाठी ४५ अंशांच्या आसपास यायला हवे; प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी ते बरेच वर होते आणि उणे २० ला सर्वाधिक होते. क्षमता कमी, तरी नळी जास्त तापलेली, ही बाब कॉम्प्रेसरच्या तेलाच्या आयुष्याशी निगडित आहे. थंड करणाऱ्या वाफेचे वजन कमी पडल्याने मोटरही तापते.

२१ मार्च

सावदा ते रावेर रस्त्यालगतच्या एका रायपनिंग चेंबरला आज भेट दिली. मालक परवानगी देऊन शेतावर गेले होते. चेंबर सांभाळणारे आप्पा आमच्याबरोबर होते. खोलीत प्लास्टिकच्या कॅरेटच्या थप्प्या छतापर्यंत, फण्या हिरव्या ते पोपटी रंगावर आलेल्या, आणि हवा १६ अंशांवर. शीतयंत्र जुने, आर-२२ या शीतकावर चालणारे. बॅक प्रेशरचा गेज ४८ पौंड दाखवत होता, म्हणजे कॉइल उणे ४ अंशांच्या आसपास. खोलीची हवा आणि कॉइल यांच्यात २० अंशांचा फरक होता. तो अशा खोलीसाठी फारच जास्त आहे.

टॉर्च घेऊन कॉइलजवळ गेलो तेव्हा कारण समोरच दिसले. खालच्या अर्ध्या भागात पत्र्यांच्या फटी धूळ आणि केळीच्या सुकलेल्या फुलांच्या भुकटीने बुजल्या होत्या, त्यावर दुधी बर्फ चढला होता, आणि दोनपैकी एक पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची पाती एकेक मोजता येत होती. हवा जात नाही म्हणून कॉइलला उष्णता मिळत नाही. उष्णता मिळत नाही म्हणून शीतक कमी दाबावर उकळते. कॉइल शून्याखाली उतरते, बर्फ धरतो, आणि बर्फामुळे हवा आणखी अडते.

आप्पांना यात बिघाड दिसत नव्हता. “भाऊ, अँपिअर कमी आहे तोवर बिल आपल्या हातात आहे,” असे ते पॅनेलकडे बोट दाखवून म्हणाले. अँमीटर ७.८ वर होता. त्यांना आमचे वॅट आणि किलोज्यूल सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या शेतात विहीर आहे, म्हणून त्यांना एवढेच विचारले की उन्हाळ्यात पाणी खोल गेले की मोटर जास्त अँपिअर घेते की कमी. ते लगेच म्हणाले, कमी घेते, कारण पाणीच कमी येते. आणि एकर भिजायला? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, वेळ दुप्पट लागतो. कॉइल उणे ४ वर नेणे म्हणजे खोलीतल्या उष्णतेची विहीर विनाकारण खोल करणे आहे, हे त्यानंतर वेगळे समजावावे लागले नाही.

दुसरा मुद्दा मात्र त्यांनीच काढला. पिकवणीत मालाचे वजन घटते अशी मालकांची तक्रार आहे. कॉइल हवेपेक्षा जितकी अधिक थंड तितकी ती हवेतील ओल अधिक ओढून घेते. केळीच्या खोलीला ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते आणि तिथे लावलेला मापक ७६ दाखवत होता. ती ओल शेवटी सालीतून येते. केळी वजनावर विकली जाते, तेव्हा हे नुकसान बिलात न दिसता काट्यावर दिसते. इव्हॅपोरेटरच्या तापमानाचा हा परिणाम सीओपीच्या कोणत्याही आलेखात येत नाही, तरीही येथील व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो कदाचित विजेपेक्षा मोठा असेल. अहवालात त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यायचा आहे.

९ एप्रिल

उन्हाळा सुरू झाल्यावर पुठ्ठ्याची झडप पूर्ण उघडूनही दुपारी कंडेन्सिंग तापमान ४० वर राहीना. प्रयोगशाळेतच ४१ अंश होते. अडचणीचा उपयोग करून घ्यायचा म्हणून आज ५५ अंशांच्या कंडेन्सिंग तापमानावर शून्य अंशाचे वाचन घेतले: हीटर ४८० वॅट, दहा लुकलुकींना ३२ ते ३३ सेकंद, म्हणजे ३४५ वॅट, आणि सीओपी १.३९. फेब्रुवारीत हाच आकडा २.१७ होता.

सैद्धांतिक गणितही तेच सांगते. इव्हॅपोरेटर शून्यावर असताना कंडेन्सर ४० वरून ५५ वर गेला की सीओपी ५.४९ वरून सुमारे ३.५ वर उतरतो. त्यातच इव्हॅपोरेटर उणे १० वर गेला तर सुमारे २.७ उरतो. जळगाव आणि भुसावळच्या एप्रिल-मेमधील दुपारी हवेचे तापमान कोणाच्या हातात नाही. कंडेन्सर धुणे, त्यावर सावली करणे याने थोडा फरक पडतो, पण मर्यादा हवामानच ठरवते. इव्हॅपोरेटरचे टोक मात्र पूर्णपणे खोलीच्या आत आहे. आपल्या भागात त्याकडे अधिक लक्ष देण्याचे हेच मोठे कारण आहे.

चर्चेत एक उलट प्रश्न निघाला: मग इव्हॅपोरेटर जितका उबदार तितका चांगला, असे म्हणून तो १२ अंशांवर का नेऊ नये? १६ अंशांच्या खोलीत ४ अंशांच्या फरकावर तीच उष्णता ओढायची तर कॉइलचे क्षेत्रफळ आणि पंख्यांची हवा अनेक पटींनी वाढवावी लागेल. तो खर्च आणि पंख्यांची वीज, जी शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते, वाचलेल्या विजेला खाऊन टाकील. शिवाय कमी बॅक प्रेशरसाठी बनवलेला कॉम्प्रेसर उबदार इव्हॅपोरेटरवर चालवल्यास दाट वाफेमुळे त्याच्या मोटरवर बोजा येतो. दुपारी तापलेला माल एकदम भरल्यावर आणि त्यातच व्होल्टेज उतरल्यावर ओव्हरलोड (मोटरची संरक्षक कळ) उडतो, त्यामागे हेच कारण असते.

२२ एप्रिल

सावद्याजवळच्या त्या चेंबरमध्ये गेल्या आठवड्यात कॉइल पाण्याच्या फवाऱ्याने स्वच्छ करण्यात आली आणि मंद पंख्याची मोटर बदलली. गॅसला हात लावलेला नाही. आज खोली पुन्हा १६ अंशांवर असताना बॅक प्रेशर ६८ पौंड होते, म्हणजे कॉइल ४ अंशांवर आली आहे, आणि पत्र्यांवर बर्फाऐवजी पाण्याचे थेंब आहेत. आर्द्रतेचा मापक ८७ दाखवत होता.

अँमीटर ७.८ वरून ८.६ वर गेला आहे. या एकाच आकड्यावर आप्पांचे लक्ष होते, म्हणून कॉम्प्रेसरच्या स्वतंत्र मीटरवर चोवीस तासांचा वापर मोजून ठेवला होता: मार्चमध्ये ९६ युनिट, आता ८०. कॉम्प्रेसर तेव्हा दिवसाला साडेएकवीस तास चालत होता, आता सोळा तासांच्या आसपास चालून थर्मोस्टॅटवर थांबतो. माल दोन्ही वेळा साधारण सारखा होता, पण बाहेरची हवा आता अधिक तापलेली आहे, तेव्हा खरी बचत यापेक्षा थोडी जास्तच असण्याची शक्यता आहे. तुलनेसाठी ४५ अंशांच्या कंडेन्सिंग तापमानावर कार्नो मर्यादा (त्या तापमानांना तत्त्वतः शक्य असलेला सर्वाधिक सीओपी) काढली: कॉइल उणे ४ वर असताना ती ५.४९ आणि ४ अंशांवर असताना ६.७६ येते, म्हणजे तेवढ्याच उष्णतेला सुमारे १९ टक्के कमी वीज. मोजलेली घट १७ टक्के आहे.

आप्पांनी पॅनेलवर चिकटवण्यासाठी तक्ता मागितला. आर-२२ साठी तो आजच लिहून दिला: ४७ पौंडाला उणे ५, ५८ पौंडाला शून्य, ७० पौंडाला ५ अंश. खोली १६ वर असताना काटा ५८ च्या खाली उतरला तर आधी पंखे आणि कॉइल पाहायचे, असे त्याखाली लाल शाईने लिहिले आहे. मात्र कमी बॅक प्रेशरचे ते एकमेव कारण नसते. गॅस गळून कमी झाला किंवा ड्रायर चोंदला तरी काटा खालीच येतो. म्हणून ओळखण्याची रीतही दिली: कॉइल बुजलेली असेल तर सक्शनची (कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणारी) नळी कॉम्प्रेसरपर्यंत गार लागते, कधी तिच्यावर दव किंवा बर्फही धरतो, कारण शीतक पुरेसे असते पण त्याला उकळायला उष्णता मिळत नाही, गॅस कमी असेल तर कॉइलचा पुढचा भागच गार राहतो, सक्शनची नळी कोमट असते आणि सुपरहीट (वाफ उकळबिंदूच्या वर जितके अंश तापली तो आकडा) वाढलेला असतो. पहिल्या परिस्थितीत मिस्त्रीला बोलावून गॅस भरून घेतला तर दोष तसाच राहून हेड प्रेशर मात्र चढेल. तक्त्याची दुसरी प्रत शेजारच्या चेंबरमधून मागवली गेली आहे. तिथे युनिट आर-४०४ए वर असल्याने त्यासाठी दाबांचे वेगळे आकडे काढून द्यायचे आहेत.